बँक बुडाली न्यूयॉर्कात, मत फिरलं इंडियानात: आर्थिक संकट निवडणूक कशी बदलतं?

अमेरिकेतला शेअर बाजार गडगडला आणि तिकडे अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर असली, की आपल्या वाहिन्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता सत्ताधारी पक्षाचं काही खरं नाही." बहुतेक वेळा ते बरोबरही ठरतं. पण बाजार पडणं आणि मत फिरणं यांच्यात बरंच अंतर आहे, आणि ते कसं कापलं जातं हे कोणी सांगत नाही. अशीच एक चर्चा बघताना आईनं मला विचारलं होतं, "बँक बुडाली न्यूयॉर्कात. लांब कुठल्यातरी गावात राहणाऱ्या माणसाला त्याचं काय?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला २००८ सालाइतकं चांगलं उदाहरण नाही. तेव्हा संकट ऐन प्रचारात, मतदानाला सात आठवडे उरलेले असताना येऊन आदळलं. त्यामुळे कोणत्या दिवशी काय झालं आणि त्यानं प्रचारात काय हललं, हे तारखेनिशी दाखवता येतं.

आधी बँक का बुडाली ते

अमेरिकेत त्याआधीची काही वर्षं घरांच्या किमती चढत होत्या. ज्यांची हप्ता भरण्याची ऐपत बेताचीच आहे, अशांनाही घरकर्ज मिळत होतं. अशा कर्जाला तिकडे 'सबप्राइम' म्हणतात. कर्ज देणारा निवांत असायचा, कारण हप्ता थकला तरी घर विकून पैसे वसूल होतील असा हिशेब होता. शिवाय तो हे कर्ज स्वतःकडे ठेवतच नव्हता. हजारो कर्जांची मोट बांधून तिचे हिस्से जगभरच्या बँकांना आणि गुंतवणूकदारांना विकले जात. किमती उतरू लागल्या तेव्हा हिशेब उलटला. आणि कोणाच्या तिजोरीत किती कुजका माल आहे, हे कोणालाच कळेना.

लेहमन ब्रदर्स ही १५८ वर्षं जुनी पेढी. आपल्या पवईतही तिचं मोठं कार्यालय होतं. तिचा पसारा असा, की स्वतःच्या एका डॉलरमागे साधारण तीस डॉलरचा व्यवहार. बाकीचे पैसे उसने, आणि त्यातले बरेचसे अगदी थोड्या मुदतीचे, काही तर एका रात्रीपुरते. एखादा व्यापारी रोज संध्याकाळी नवं हातउसनं घेऊन कालचं फेडतो आणि त्या जोरावर वीस वर्षांच्या मुदतीनं इमारती बांधतो, असं समजा. उसनं देणारा "आज नाही जमणार" म्हणाला की त्याच संध्याकाळी खेळ संपतो, मग इमारती कितीही असोत. लेहमनचं तसंच झालं. सोमवार, १५ सप्टेंबर २००८ रोजी तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला वाचवायला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं ८५ अब्ज डॉलरचं कर्ज दिलं. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली, जिची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. बचत खात्याइतका सुरक्षित समजला जाणारा एक मोठा फंड एका डॉलरचे ९७ सेंट्स देऊ लागला. ऐकायला तीनच सेंट्स. पण पतसंस्थेच्या दारात पहिली रांग लागते तेव्हा किती पैसे बुडाले हे कोणी विचारत नाही, सगळे धावत सुटतात. मोठ्या कंपन्या पगार आणि कच्चा माल भागवायला अशाच फंडांकडून अल्प मुदतीचं कर्ज घेत असत. तो झराच आटला.

आईच्या प्रश्नातलं गाव

त्या गावाचं नाव एल्कहार्ट. इंडियाना राज्यात आहे. तिथले कारखाने चाकांवरची घरं बनवतात: झोपायला, स्वयंपाकाला जागा असलेल्या मोठ्या गाड्या, ज्या घेऊन अमेरिकन माणूस सुट्टीत फिरतो. ही वस्तू रोखीत फार कमी लोक घेतात. कर्ज मिळालं तर विकली जाते, नाही तर अंगणात उभी राहते. आधीच त्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर गेल्यानं धंदा खंगला होता. सप्टेंबरात बँकांनी कर्ज देणं आवळलं आणि मागणी बसली. एल्कहार्ट भागातली बेरोजगारी वर्षभरात ४.७ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या वर गेली.

न्यूयॉर्कातली बँक ते गावातला पगार, हा रस्ता असा आहे. आता प्रचाराकडे येऊ.

संकटाआधी निवडणूक कशावर चालली होती?

रिपब्लिकन पक्षाचे जॉन मॅक्केन हे नौदलाचे माजी वैमानिक, व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षं युद्धकैदी, सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, दोन दशकं काढलेले. डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा ४७ वर्षांचे, सिनेटमध्ये पहिलीच कारकीर्द. साहजिकच मॅक्केन यांच्या प्रचाराचा रोख एकच होता: अनुभव कोणाकडे आहे? इराक, रशिया, दहशतवाद, देशांतर्गत तेल उत्खनन हे विषय चालू होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला सेंट पॉलमध्ये पक्षाचं अधिवेशन झालं, सारा पेलिन यांच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीनं कार्यकर्ते पेटून उठले, आणि गॅलपच्या जनमत चाचणीत मॅक्केन चार-पाच टक्क्यांनी पुढे गेले.

प्रचार म्हणजे बरंचसं प्रश्नपत्रिका कोणाची यावरचं भांडण असतं. मतदारानं कोणता प्रश्न मनात घेऊन केंद्रावर जायचं, हे ठरवण्यासाठीच एवढा पैसा ओतला जातो. युद्धाचा प्रश्न असेल तर एकाला पैकीच्या पैकी, घरखर्चाचा असेल तर दुसऱ्याला. आर्थिक संकट उमेदवारांना काही विचारत नाही. ते जुनी प्रश्नपत्रिका काढून घेतं आणि सगळ्यांसमोर नवी टाकतं. मॅक्केन वर्षभर ज्या विषयाची तयारी करत होते तो विषयच परीक्षेतून गेला.

आणि नव्या विषयात ते कच्चे आहेत, हे त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे सांगून ठेवलं होतं. अर्थशास्त्र आपल्याला जितकं समजायला हवं तितकं समजत नाही, अशा अर्थाचं त्यांचं आधीचं विधान होतं. जुलैमध्ये त्यांचे आर्थिक सल्लागार फिल ग्रॅम यांनी देशात आहे ती 'मानसिक मंदी' आहे आणि आपण कुरकुऱ्यांचा देश झालो आहोत, असं म्हटलं होतं, आणि त्यांना दूर व्हावं लागलं होतं. शांत काळात अशी वाक्यं दोन दिवसांत विरून जातात. संकटात ती पुन्हा बाहेर निघतात.

१५ सप्टेंबरची सकाळ

लेहमन कोसळली त्याच सकाळी मॅक्केन फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला सभेत बोलत होते. लोक घाबरले आहेत, बाजारात मोठी उलथापालथ झाली आहे, असं त्यांनी आधी म्हटलं. मग म्हणाले, आपल्या अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम आहे. आणि लगेच पुढे, पण हा काळ फार फार कठीण आहे.

पूर्ण ऐकलं तर यात गैर काही नाही. एखाद्या घरात मोठं आजारपण आलं की वडीलधारा माणूस असंच बोलतो. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते मधलं वाक्य. त्याच दिवशी त्यांनी खुलासा केला, की पाया म्हणजे अमेरिकेचा कष्टकरी कामगार. उशीर झाला होता. एक-दोन दिवसांतच ओबामा सभांमधून विचारू लागले, "सिनेटर, तुम्ही कोणत्या अर्थव्यवस्थेबद्दल बोलताय?"

यामागे एक पेच आहे. सत्ताधारी पक्षाचा उमेदवार "सगळं ठीक आहे" म्हणाला तर तो बेफिकीर ठरतो. "सगळं बिघडलंय" म्हणाला तर बिघडवलं कोणी, हा पुढचा प्रश्न स्वतःच्याच पक्षाकडे येतो. अध्यक्ष जॉर्ज बुश यांची आठ वर्षं संपत आली होती आणि त्यांच्या कामावर समाधानी असलेले लोक चारात एक इतकेच उरले होते. मॅक्केन यांनी बुश यांच्याशी अनेकदा पंगा घेतला होता, हे मला इथे नमूद करावंसं वाटतं. पण चिन्ह तेच होतं.

प्रचार थांबवण्याचा डाव

२० सप्टेंबरच्या सुमारास अर्थमंत्री हेन्री पॉलसन यांनी संसदेपुढे प्रस्ताव ठेवला: बँकांकडची कुजकी कर्जं विकत घ्यायला सरकारला ७०० अब्ज डॉलर द्या. मसुदा जेमतेम तीन पानांचा. बुडणाऱ्या संस्थेला सरकारी पैशानं तारण्याला 'बेलआउट' म्हणतात. लोक खवळले, आणि मला तो राग आजही रास्त वाटतो. ज्यांनी जुगार खेळला त्यांना वाचवायचं, आणि ज्याचा हप्ता थकला त्याचं घर जप्त?

बुधवार, २४ सप्टेंबर. सकाळी ओबामांनी मॅक्केन यांना फोन केला, दोघांनी मिळून एक निवेदन काढावं म्हणून. मॅक्केन यांचा उलट फोन दुपारी आला. आणि त्यानंतर थोड्याच वेळात मॅक्केन टीव्हीवर येऊन म्हणाले की, आपण प्रचार स्थगित करून वॉशिंग्टनला जात आहोत आणि दोन्ही उमेदवारांमधली शुक्रवारची वादचर्चा पुढे ढकलावी.

हा निर्णय पुढे टवाळीचा विषय झाला, पण त्यामागचा विचार समजून घ्यायला हवा. चाचण्यांमध्ये ते मागे पडू लागले होते. नुसती भाषणं करून बुश यांची सावली पुसली जाणार नव्हती. देशासाठी स्वतःची निवडणूक बाजूला ठेवणारा माणूस, ही प्रतिमा त्यांच्या आयुष्याशी जुळणारीही होती. ओबामांचं उत्तर असं, की अध्यक्षाला एका वेळी एकाहून अधिक गोष्टी हाताळाव्याच लागतात.

दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला, व्हाइट हाउसच्या मंत्रिमंडळ कक्षात बैठक झाली. लांब टेबल. मध्ये बुश, त्यांच्या दोन्ही बाजूंना संसदेतले नेते, आणि दोन्ही उमेदवार टेबलाच्या दोन टोकांना. पैसा मोकळा झाला नाही तर हा डोलारा कोसळेल, असं बुश म्हणाल्याचं नंतर बाहेर आलं. डेमोक्रॅट्सनी आपल्या बाजूनं बोलायला ओबामांना पुढे केलं आणि ते मुद्देसूद बोलले. जे या बैठकीसाठी प्रचार थांबवून आले होते ते मॅक्केन बराच वेळ गप्प होते, आणि बोलले तेव्हाही प्रस्तावाच्या बाजूनं की विरोधात हे स्पष्ट झालं नाही. त्यांना ते करणं कठीणच होतं: त्यांच्याच पक्षाचे खासदार अध्यक्षांच्या प्रस्तावाविरुद्ध उभे होते. बैठक आरडाओरड्यात मोडली. नंतर पॉलसन सभापती नॅन्सी पेलोसी यांच्यापुढे एका गुडघ्यावर बसले आणि त्यांनी हा प्रस्ताव उधळू नका अशी विनवणी केली.

तोडगा निघाला नव्हता. तरी शुक्रवारी मॅक्केन मिसिसिपीत वादचर्चेला हजर झाले.

गावात आग लागल्यावर बादली घेऊन धावणाऱ्याला लोक दाद देतात, पण ती बादली घेऊन तो नुसताच उभा राहिलेला दिसला तर तेच लोक विसरत नाहीत. माझ्या मते त्या आठवड्यात मतदारांनी आर्थिक धोरणांची तुलना केलीच नाही. घरात अडचण आल्यावर कोण कसा वागतो, हे त्यांनी पाहिलं. 'अनुभवी' आणि 'अननुभवी' या दोन पाट्यांची अदलाबदल तेव्हा झाली.

"पण सामान्य मतदाराला हे सगळं कळतं का?"

बहुतेकांना नाही कळत, आणि कळायची गरजही नसते. आपल्याकडे कांद्याचे भाव चढले की निर्यातशुल्काचा अभ्यास करून कोणी मत देत नाही. पिशवीत किती आलं एवढं दिसतं. अभ्यासक याला मागे वळून दिलेलं मत म्हणतात: गेली काही वर्षं कशी गेली, एवढंच पाहायचं आणि जबाबदार दिसेल त्याला घालवायचं.

२००८ मध्ये हे पाहणं घराघरात टपालानं पोहोचलं. अमेरिकेत कोट्यवधी नोकरदारांची निवृत्तीची पुंजी '४०१(के)' नावाच्या खात्यात असते. आपल्या पीएफसारखंच, पण मोठा भाग शेअर बाजारात, त्यामुळे हमी काही नाही. त्याचा हिशेब दर तिमाहीला येतो. ३० सप्टेंबरला संपलेल्या तिमाहीचा लिफाफा आला ऑक्टोबरात, मतदानाच्या तोंडावर.

माझा मावसभाऊ तेव्हा न्यू जर्सीत एडिसनला राहायचा. मतदानाचा हक्क त्याला नव्हता, पण तो लिफाफा त्यालाही आला. त्यानं तो फ्रिजवर ठेवून दिला. वहिनी रोज विचारायची, उघडला का? हा म्हणायचा, उद्या. पंधरवडाभर तो पांढरा लिफाफा तिथेच, त्यावर चुंबक. शेजारच्या घरातही तसाच एक होता, असं तो सांगायचा, आणि त्या शेजाऱ्याला मत होतं.

मतदानकेंद्राबाहेर घेतलेल्या पाहणीत ६३ टक्के मतदारांनी अर्थव्यवस्था हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असल्याचं सांगितलं. इराक सांगणारे फक्त १० टक्के. वर्षभरापूर्वी याच निवडणुकीला सगळे इराकची निवडणूक म्हणत होते.

"बेलआउटला तर दोघांचाही पाठिंबा होता!"

खरं आहे. २९ सप्टेंबरला संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं, म्हणजे प्रतिनिधिगृहानं, प्रस्ताव २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळला. त्या सभागृहाच्या सगळ्या ४३५ जागांची निवडणूक त्याच नोव्हेंबरात होती आणि मतदारांच्या रागानं खासदारांचे फोन वाजत होते, हे लक्षात घेतलं तर नवल वाटत नाही. शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक त्या एका दिवसात ७७७ अंकांनी कोसळला. १ ऑक्टोबरला सिनेटनं सुधारित प्रस्ताव ७४ विरुद्ध २५ नं मंजूर केला. ओबामा आणि मॅक्केन दोघांनीही बाजूनं मत दिलं. ३ ऑक्टोबरला तो कायदा झाला.

म्हणजे त्या घडीच्या सर्वांत मोठ्या प्रश्नावर दोघांत फरकच नव्हता. मग मतदारानं फरक केला कशाच्या जोरावर? याचं उत्तर मला दोन गोष्टींत दिसतं. ओबामा पहिल्या दिवसापासून एकाच सुरात बोलत होते, मॅक्केन यांचा सूर दर दोन दिवसांनी बदलत होता: पाया भक्कम, मग बाजार नियामकाच्या प्रमुखाला काढा, मग प्रचार बंद, मग पुन्हा सुरू. आणि दुसरी गोष्ट तीच, सत्तेच्या पाटीवर नाव कोणाच्या पक्षाचं.

पैशांचा भाग, थोडक्यात

अमेरिकेत देशभरची मतं नुसती बेरीज करून निकाल लागत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक 'इलेक्टोरल मतं' असतात आणि जवळपास सगळीकडे जो राज्य जिंकतो तो त्या राज्याची सगळी मतं घेतो. त्यामुळे लढाई काठावरच्या राज्यांत होते. संकटानं काठच सरकला. पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन असलेली राज्यं डळमळली. मॅक्केन यांनी सरकारी निवडणूक निधी घेतला होता, त्यामुळे त्यांना सुमारे ८.४ कोटी डॉलरची मर्यादा होती. ओबामांनी तो नाकारला होता, आणि एकट्या सप्टेंबरात त्यांना सुमारे १५ कोटी डॉलर देणगी मिळाली. एकाला नव्या राज्यांत उतरता आलं. दुसऱ्याला २ ऑक्टोबरला मिशिगनमधून माघार घ्यावी लागली.

"ओबामा तसेही जिंकलेच असते ना?"

हा आक्षेप वजनदार आहे. एकाच पक्षानं आठ वर्षं काढलेली, अध्यक्ष नावडता, मंदी २००७ च्या डिसेंबरातच सुरू झालेली. शिवाय पक्षाच्या अधिवेशनानंतर मिळणारी आघाडी तात्पुरती असते, आणि मॅक्केन यांची आघाडी लेहमनच्या आधीच ओसरू लागली होती. त्यामुळे लेहमन बुडाली नसती तर मॅक्केन जिंकले असते, असं ठामपणे म्हणणं मला पटत नाही.

पण जिंकणं आणि किती जिंकणं यांत फरक आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गॅलपच्या रोजच्या चाचणीत ओबामा दहा टक्क्यांच्या आसपास पुढे होते. ४ नोव्हेंबरला निकाल लागला, इलेक्टोरल मतांत ३६५ विरुद्ध १७३. इंडियाना आणि व्हर्जिनिया या राज्यांनी १९६४ नंतर प्रथमच डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल दिला. एवढा कौल मागे असला की पहिल्या महिन्यांत संसदेकडून काय काय मंजूर करून घेता येतं, हे बदलतं.

आणि एल्कहार्ट? त्या गावाच्या जिल्ह्यात मॅक्केनच जिंकले. फक्त चार वर्षांपूर्वी बुश यांना तिथे जी प्रचंड आघाडी होती, ती खूपच आटली. संकट सगळ्यांची मतं फिरवत नाही. शंभरातल्या दहा-पंधरा जणांची फिरवतं, आणि राज्याच्या बेरजेला तेवढं पुरतं.

जिंकणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

निकाल आणि शपथ यांच्यामध्ये अडीच महिने असतात, आणि संकट तेवढं थांबत नाही. १९३२ मध्ये हर्बर्ट हूवर हरले आणि फ्रँकलिन रूझवेल्ट जिंकले, तेव्हा तर हा काळ चार महिन्यांचा होता. हूवर एकत्र पाऊल उचलू म्हणत राहिले, रूझवेल्ट हात लावायला तयार नव्हते, आणि राज्यामागून राज्यात बँका बंद होत गेल्या. २००९ मध्ये निदान हे टळलं. बेलआउटचा दुसरा हप्ता, ३५० अब्ज डॉलर, मिळावा म्हणून जाणाऱ्या बुश यांनी येणाऱ्या ओबामांच्या विनंतीवरून संसदेला कळवलं. दोघांच्याही खात्यावर ही गोष्ट जमा धरली पाहिजे.

शपथविधीला तीन आठवडे होतात न होतात तोच ओबामा एल्कहार्टला गेले. त्याच महिन्यात ७८७ अब्ज डॉलरची मदत योजना मंजूर झाली. पण बेरोजगारी वाढतच राहिली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये देशभरात १० टक्क्यांवर पोहोचली. आता पाटीवर नाव त्यांचं होतं. २०१० च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षानं प्रतिनिधिगृहातल्या ६३ जागा गमावल्या. २०१२ मध्ये ते पुन्हा अध्यक्ष झाले, वाहन कारखाने वाचवल्याची आठवण ठेवून ओहायो त्यांच्याकडे राहिलं, इंडियाना मात्र हातून गेलं.

जून २०१६ मध्ये ते पुन्हा एल्कहार्टला आले. बेरोजगारी चार टक्क्यांच्या आसपास आली होती, कारखान्यांना माणसं मिळत नव्हती. पाच महिन्यांनी त्या जिल्ह्यानं आणि त्या राज्यानं डोनाल्ड ट्रम्प यांना मोठ्या फरकानं मतं दिली.